दोनशे बारा नंबरचं कार्ड

दर तीन महिन्यांनी, पहिल्या आठवड्यात, आरोग्य केंद्राच्या मागच्या दाराशी टेम्पो यायचा आणि त्यातून चार खोकी उतरायची. एकोणीस वर्षांत तो दोनदाच चुकला होता. एकदा टायर फुटलं म्हणून, एकदा चालकाच्या घरी लग्न होतं म्हणून. त्यामुळे ह्या खेपेला आठवडा उलटला तरी नर्सबाई निर्धास्त होत्या. दुसरा उलटला तेव्हा त्यांनी मागच्या दाराकडे दोन-चार चकरा मारल्या. तिसऱ्या आठवड्यात टेम्पोऐवजी दोन माणसं आली. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या कानाला पेन्सिल. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ सात नंबरच्या खोलीत शिरले, दाराची रुंदी मापली, खिडकीची उंची मापली, कपाट ओढून मागची भिंत मापली.

"कशासाठी चाललंय हे?" नर्सबाईंनी विचारलं.

"आम्हाला मापं घ्यायला सांगितली आहेत," टेपवाला म्हणाला. "कशासाठी ते आम्हाला कोण सांगतंय?"

कपाट जागच्या जागी सरकवायलाही ते थांबले नाहीत.

सात नंबरची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती, पाण्याच्या टाकीला लागून. दारावर नुसता आकडा. आत काय मिळतं ते कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि ते नर्सबाईंनी मुद्दाम तसं ठेवलं होतं. इथं येणारी बाई घरी सांगताना ब्लडप्रेशर म्हणू शकत होती, दात म्हणू शकत होती, पोराचा खोकला म्हणू शकत होती. आत आल्यावर तिचं पिवळं कार्ड व्हायचं. कार्डावर नाव नाही, आकडा. पत्ता मात्र नियमाने लागायचा. तेव्हा नर्सबाई पेन उचलायच्या, खिडकीबाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "पत्ता तुला हवा तो सांग. मी काही पत्र पाठवणार नाहीये." बायका हसायच्या आणि सुचेल तो पत्ता ठोकून द्यायच्या. एकीने तर आरोग्य केंद्राचाच दिला होता.

मापं घेऊन गेल्यावर चार दिवसांनी पत्र आलं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, नर्सबाईंना बोलावून ते हातात दिलं. पाच ओळींचं पत्र. गर्भनिरोधक साधनं आणि सेवा यांसाठीचा सार्वजनिक निधी फेरआढावा पूर्ण होईपर्यंत स्थगित करण्यात येत आहे. खाली सही, सहीवर शिक्का.

"फेरआढावा म्हणजे किती दिवस?"

"लिहिलेलं नाही."

"मग विचारा ना."

"विचारलं. ज्यांना विचारलं त्यांनी मलाच उलट विचारलं, तुम्हाला काही कळलं का म्हणून." डॉक्टर हसले, पण ते हसू ओठांवरच विरलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढी कुणाच्या डोळ्यांवर न येता काढायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "आहे ते जपून वापरा," ते म्हणाले. "आणि बोलू नका फारसं कुठं."

मग एकेक गोष्ट बंद पडत गेली. तांबी बसवायला दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पगार ह्याच निधीतून व्हायचा. त्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. पुरुष नसबंदीचं शिबिर रद्द झालं. व्हरांड्यात टांगलेला कंडोमचा डबा रिकामा झाला, मग गोळ्यांची पाकिटं संपली. उरली ती तीन महिन्यांची इंजेक्शनं. एकेचाळीस कुप्या.

घरी नर्सबाईंचे यजमान होते. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडझाप करून निवृत्त झालेले. बायकोने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आम्ही पाणी तोडायचं झालं तर दोन दिवस आधी गाडी फिरवून ओरडून सांगायचो," ते म्हणाले. "लोक शिव्या द्यायचे, पण बादल्या तरी भरून ठेवायचे. तुमच्यात तर कुणाला पत्ता लागू न देता चावी फिरवली की गं."

"अहो, बादलीत भरून ठेवायची गोष्ट आहे का ही?"

"तेच म्हणतोय मी," यजमान म्हणाले.

एकेचाळिसाच्या एकवीस झाल्या, एकविसाच्या सहा. सहा उरल्या त्या दिवशी नर्सबाईंनी एक कुपी उचलली, तिला चिकटपट्टी लावली, पट्टीवर २१२ लिहिलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, कापसाच्या गुंडाळ्यांमागे ठेवून दिली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. जी आधी येईल तिला आधी, हा त्यांचा शिरस्ता.

पण दोनशे बारा नंबरची गोष्ट वेगळी होती. त्या मुलीला नर्सबाई मनातल्या मनात निळी म्हणायच्या, कारण तिच्या नखांच्या कडा कायम निळ्या असत, कितीही घासल्या तरी. वय चोवीस-पंचवीस. हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने आखडलेली, आणि ते कळलं पहिल्या बाळंतपणात, आईकडे असताना, छातीत पाणी भरून ती काळी-निळी पडली तेव्हा. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं, पुन्हा दिवस गेले तर जिवाला धोका. तो कागद तिने आईच्या घरी ट्रंकेत ठेवला आणि सासरी अवाक्षर काढलं नाही.

"सांगत का नाहीस?" नर्सबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"आजारी पोरगी गळ्यात मारली म्हणतील," निळी म्हणाली होती. "मला परत पाठवतील आणि मुलीला ठेवून घेतील."

मुलगी चार वर्षांची होती. नर्सबाईंनी तिचं कार्ड भरायला घेतलं होतं.

उरलेल्या पाच कुप्या चार दिवसांत गेल्या. सहाव्या दिवशी शाळेत शिकवणारी एक बाई आली. चार मुलांची आई, नवरा फिरतीवर. ती घाईत बाही वर सारतच आत आली.

"संपली," नर्सबाई म्हणाल्या.

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

बाईने कपाटाकडे बघितलं. नर्सबाईंचीही नजर नको असताना तिकडेच गेली, वरच्या कप्प्याकडे. क्षणभरच. पण शाळेतल्या बाईचं सगळं आयुष्य पोरांच्या नजरा ओळखण्यात गेलेलं. तिने बाही खाली केली, बटण लावलं आणि निघून गेली. नर्सबाईंना वाटलं, तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

निळीची तारीख सोमवारची होती. ती नेहमी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यायची, जेवणाच्या सुट्टीत, धापा टाकत. पाच मिनिटं स्टुलावर बसून श्वास जुळवायची, मग दंड पुढे करायची. त्या सोमवारी नर्सबाईंनी एक वाजताच कुपी खाली काढून ठेवली. सव्वा झाला. दोन वाजले. तीन वाजता त्या उठून फाटकापर्यंत गेल्या आणि जागीच खिळल्या. फाटकाच्या गजांना तारेने एक पाटी बांधलेली होती. कुटुंब नियोजन सेवा पुढील आदेशापर्यंत बंद. खोली क्रमांक सात येथे चौकशी करू नये.

"ही कधी लावली?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"सकाळी. मोठ्या डॉक्टरांनी दिली, म्हणाले वरून आलीय, लाव."

"दुपारी कुणी आलं होतं? एकच्या सुमाराला? मुलगी, बारीकशी, दम लागलेली?"

रखवालदाराने डोकं खाजवलं. "आली होती एक. पाटी वाचली, गजाला धरून उभी राहिली जराशी. मी म्हटलं, बाई, पाणी देऊ का? तर नको म्हणाली आणि गेली."

"नखं निळी होती का तिची?"

"बाई, मी काय बायकांची नखं बघत बसतो का इथं?"

कुपी आत टेबलावर तशीच होती.

इंजेक्शनची तारीख टळली तरी चार आठवडे भागतं. त्यापुढे खात्री नाही. नर्सबाईंनी कार्ड काढून पत्ता बघितला. पंधरा, गिरणीमागची गल्ली. संध्याकाळी त्या तिथं गेल्या. गिरणीमागे गल्लीच नव्हती, उघडी गटारं होती आणि त्यापलीकडे भिंत. पत्ता तुला हवा तो सांग, हे शब्द आपल्याच तोंडचे, हे आठवून त्यांना त्या भिंतीसमोर कसंनुसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्या शोधाला लागल्या. पण शोधणार कसं? नाव ठाऊक नाही, आणि कुणाला विचारावं तर का शोधताय हे सांगता येत नाही. दहा मिनिटांत केंद्रावर पोचते म्हणजे कामाची जागा जवळपास, आणि नखांना निळं लागतं असं काम. नर्सबाई जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून बाहेर पडायच्या. कापड रंगवणाऱ्यांकडे गेल्या. तिथल्या बायकांचे हात कोपरापर्यंत लाल-पिवळे. धुलाईच्या दुकानात गेल्या. छापखान्यात गेल्या, तिथं सगळे पुरुष, आणि त्यातला एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही आरोग्य केंद्रातल्या ना? सात नंबरच्या?" तो हसत होता, पण नर्सबाई तिथून लगेच बाहेर पडल्या. त्या खोलीचा नंबर गावाला एवढा ठाऊक असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पाटीने ते काम केलं होतं. आता त्या जिच्या दाराशी जातील तिच्याकडे शेजारी बघणार होते.

सोळाव्या दिवशी त्या वह्यांच्या कारखान्यात पोचल्या. मोठी लांबट शेड, कागदाचे ताव, आणि एका यंत्रावर त्या तावांवर निळ्या रेघा आखल्या जात होत्या. यंत्राच्या नळ्यांत शाई भरण्याचं काम बायका करत होत्या. सगळ्यांची नखं निळी.

"बारीकशी, दम लागणारी?" मुकादम म्हणाला. "ती होय. दोन आठवडे झाले, येत नाही. दुसरं मूल होत नाही म्हणून सासूने बंद केलं म्हणे येणं." मग त्याने नर्सबाईंना खालीवर न्याहाळलं. "तुम्ही कोण तिच्या?"

"मावशी," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनाच स्वतःचं नवल वाटलं.

मुकादमाने घर सांगितलं. दोन दिवस त्या गेल्याच नाहीत. जावं की नाही हेच ठरेना. यजमान म्हणाले, "तू गेलीस तर तिचं गुपित फुटेल, नाही गेलीस तर तिचा जीव. मला विचारशील तर मी कानावर हात ठेवीन." मग थोड्या वेळाने म्हणाले, "जा तू."

जिना चढून दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दार सासूने उघडलं. उंच, सडसडीत बाई, डोळ्यांत धार. नर्सबाईंनी हातातली वही पुढे धरली. मुलांच्या लसीकरणाची यादी करतोय, चार-पाच वर्षांचं मूल आहे का घरात, असं पाठ केलेलं बोलल्या. सासूने मुलीचं वय सांगितलं, झालेल्या लसी सांगितल्या, सगळं चोख.

"आई आहे का मुलीची? सही लागेल. कारखान्यात असेल ना, शाईने हात निळे करून?" नर्सबाई हसून बोलून गेल्या आणि बोलल्यावर चूक त्यांच्या लक्षात आली.

सासूने दाराची कडी घट्ट धरली.

"लस टोचणारीला माझ्या सुनेची नखं कशी ठाऊक?"

आतल्या खोलीच्या दारात निळी येऊन उभी होती. हातात पातेलं. तिने नर्सबाईंकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, रिकामं. पण पातेल्याचं झाकण वाजत होतं, बारीक, सारखं.

"ओळखतेस ह्यांना?" सासूने वळून विचारलं.

"नाही," निळी म्हणाली.

"नाही ना? मग ठीक." सासू नर्सबाईंकडे वळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सात नंबरच्या बाई तुम्हीच ना? पाटी मीही वाचून घेतली आहे शेजारणीकडून. चार वर्षं झाली, दुसरं का होत नाही म्हणून मी डॉक्टर करते, उपास करते, आणि ही टोचून घेते होय? पुन्हा ह्या जिन्यावर दिसू नका."

दार लागलं. नर्सबाई जिन्यात थांबून राहिल्या, काहीतरी आपटल्याचा, रडण्याचा आवाज येईल म्हणून. काहीच ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी सात नंबरच्या समोरच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बसच्या कार्यशाळेतले कपडे, हाताला ग्रीस. सकाळी नऊला आला आणि अकरापर्यंत दाराकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. रखवालदाराने विचारलं तर "बसलोय" एवढंच म्हणाला. नर्सबाई आत रिकाम्या कपाटासमोर बसून कागद खालीवर करत होत्या. दार बंद करावं तर भीती दिसते, उघडं ठेवावं तर तो दिसतो. त्यांनी त्या दिवशी चिकटपट्टी लावलेली कुपी आणि एक सुई कपाटातून काढून स्वतःच्या पिशवीत, चष्म्याच्या डब्याखाली ठेवली.

बरं झालं ठेवली. कारण तिसऱ्या दिवशी वरून साठा तपासणारा अधिकारी आला. त्याने कपाट उघडलं, हात फिरवला, कुलूप लावून त्यावर लाख ओतली. "शिल्लक शून्य, बरोबर?" त्याने कागद पुढे केला. नर्सबाईंनी सही केली. एकोणीस वर्षांत खोट्याखाली केलेली ती पहिली सही. बाहेर बाकावरचा माणूस हे सगळं बघत होता.

अधिकारी गेल्यावर तो उठला आणि आत आला. खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

"माझी बायको इथं यायची का?"

"इथं कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही."

"मी नवरा आहे तिचा."

"तुम्ही कुणीही असा."

त्याने टेबलाच्या कडेवर मूठ ठेवली. आपटली नाही, ठेवली. नर्सबाईंनी खिडकी किती लांब आहे ते डोळ्यांनी मोजलं.

"आई म्हणते तिला घराबाहेर काढ," तो म्हणाला. "चार दिवस घरात तोच विषय. ती काही बोलत नाही. आणि मी बघतोय, ती उशाला दोन उशा घेऊन झोपायची, आता चार घेते. आडवी झाली की गुदमरते. जिना चढताना मधे थांबते आणि चपलेचा पट्टा लावल्यासारखं करते, कुणाला कळू नये म्हणून. मला वाटायचं, नाजूक आहे." त्याने मूठ टेबलावरून उचलून घेतली. "तुम्ही तिचं गुपित सांगू नका. एवढंच सांगा, ती मरणार आहे का?"

नर्सबाईंच्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. झडप, ट्रंकेतला कागद, सगळं. हा माणूस चांगला वाटत होता. पण चांगले वाटणारे पुष्कळ पाहिले होते त्यांनी ह्या खोलीत बसून, आणि गुपित त्यांचं नव्हतंच.

"हे तिला विचारा," त्या म्हणाल्या. "घरात नको, बाहेर कुठंतरी न्या. आई जवळ नसू दे. आणि ती सांगेल ते ऐकून झाल्यावर लगेच काही बोलू नका."

त्याने मान हलवली आणि गेला.

चार आठवडे भरायला दोन दिवस उरले होते तेव्हा ती दोघं आली, मुलीला घेऊन. मुलगी रखवालदारापाशी थांबली. निळी स्टुलावर बसली, श्वास जुळायला पाच मिनिटांच्या जागी दहा लागली. चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली खड्डे.

"मला मळमळतंय," ती म्हणाली. "तीन दिवस झाले."

नर्सबाईंनी प्रसूतिविभागातून तपासणीची एक पट्टी मागून आणली. निळी लघवीचा नमुना देऊन परत आली आणि तिघं त्या पट्टीकडे बघत बसली. एक रेघ उमटली. दुसरीची वाट बघायची होती पाच मिनिटं. नवऱ्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाच मिनिटं झाली, नर्सबाईंनी सात होऊ दिली. एकच रेघ.

"नाही," त्या म्हणाल्या. "जागरणाने आणि न जेवल्याने होतं तसं." आणि पिशवीतून कुपी काढली.

टोचून झाल्यावर नवऱ्याने विचारलं, "आणि ह्याच्यानंतर?"

"ह्याच्यानंतर माझ्याकडे काही नाही. दुकानातून मिळेल ते आणता येईल, पण हिच्या बाबतीत बहुतेक वेळा चालतं असं म्हणून भागणार नाही."

"हिचं ऑपरेशन?"

"भूल द्यायलाच घाबरतील हिला. तुमचं होऊ शकतं. पंधरा मिनिटांचं काम असतं. आपलं शिबिर बंद झालंय. मोठ्या हॉस्पिटलात होतं, पण तिथं आता सगळीकडची गर्दी लोटलीय. यादी पाच महिन्यांची. त्यानंतरही खात्री व्हायला तीन महिने."

नवरा बोटांवर मोजत होता. मोजून झाल्यावर बोटं मिटली. "मधले महिने उघडेच की."

"हो," नर्सबाई म्हणाल्या.

त्याने यादीत नाव घातलं आणि कार्यशाळेत रात्रपाळी मागून घेतली. सकाळी तो घरी यायचा तेव्हा निळी पुन्हा सुरू केलेल्या कारखान्याच्या कामाला निघालेली असायची. दोघांची गाठ पडायची ती दारात, चपला घालता काढता. असे कितीतरी महिने. शेजारीपाजारी म्हणायचे, ह्यांचं बिनसलंय. आईला त्याने सांगून टाकलं की दोष माझ्यातच आहे, डॉक्टरांनी तपासलंय, आता मूल होणार नाही. सुनेला एक शब्द बोललीस तर मी वेगळा राहीन. आई त्या दिवसापासून गप्प झाली ती झालीच. निळीचं छातीचं दुखणं मात्र आता तिला नवऱ्यापासून लपवावं लागत नव्हतं. नवरा तिला महिन्यातून एकदा मोठ्या हॉस्पिटलात नेऊन आणत होता. त्याचं ऑपरेशन ठरल्यापेक्षा सहा आठवडे उशिरा झालं, पण झालं. शेवटची तपासणी चांगली आल्याचं सांगायला तो स्वतः आला होता. हातात टोपी घेऊन उभा राहिला, मग ती डोक्यावर घातली आणि गेला.

पण तोपर्यंत आरोग्य केंद्र ओळखू येईना झालं होतं. सात नंबरमध्ये कागदांचे गठ्ठे भरले होते, छतापर्यंत. नर्सबाईंना लसीच्या खिडकीवर बसवलं होतं. तिथून समोर गरोदर बायकांची रांग दिसायची. पूर्वी ती पाण्याच्या टाकीपर्यंत असायची. आता फाटकाबाहेर जायची आणि भिंतीला वळसा घालायची. प्रसूतिविभागात सहा खाटा होत्या आणि सहाच राहिल्या होत्या. दोन-दोन बायका एका खाटेवर, एक पायथ्याशी. गेल्या महिन्यात तिघी मोठ्या हॉस्पिटलच्या वाटेवरच दगावल्या. एक तर गावाबाहेरच्या पुलाच्या अलीकडेच. मोठे डॉक्टर सकाळी रांगेकडे न बघता आत शिरायचे. नर्सबाईंना मात्र बघावं लागायचं. रांगेतले निम्मे चेहरे त्यांच्या ओळखीचे होते, कार्डाच्या आकड्यांसकट. शाळेतली बाई भिंतीला टेकून उभी असायची, पाचव्याचा आठवा महिना. ती नर्सबाईंकडे कधीच बघायची नाही.

एका सकाळी खिडकीशी सासू येऊन उभी राहिली. तशीच उंच, पण कुणीतरी आतून कणा काढून घेतल्यासारखी. सोबत कुणी नव्हतं. आधी तिने रांगेवरून रखवालदाराला फैलावर घेतलं, मग खिडकीवर दोन्ही हात ठेवले.

"माझ्या सुनेचं काय ते तुम्हाला ठाऊक आणि माझ्या मुलाला ठाऊक. मी विचारत नाही," ती म्हणाली. "मी माझ्या मुलीसाठी आलेय. धाकटी. तीन वर्षांत तीन झाली तिला. अंगात रक्ताचा थेंब नाही, उभी राहिली की चक्कर येते. नवरा ऐकणारा नाही." तिने मागे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुमचं ते... जे काय असतं ते. एक द्या."

नर्सबाईंनी नकळत पिशवीकडे हात नेला. पिशवीत चष्मा होता, डबा होता, बसचा पास होता.

"नाहीये माझ्याकडे."

"तेव्हा होतं."

"तेव्हा एक होतं."

सासूने ते ऐकून घेतलं. भांडली नाही. "मग मिळतं कुठं?"

"मोठ्या हॉस्पिटलात. बसने दोन तास. नाव घालावं लागतं यादीत."

"किती दिवस लागतात?"

"आता आठ महिने म्हणतात."

सासूचे ओठ हलले. आठ महिन्यांत काय काय होऊ शकतं ते तिला नर्सबाईंनी सांगायची गरज नव्हती. मागून रांगेतली एक बाई खाली बसली, दुसरीने तिला हाताला धरून उठवलं, आणि कुणीतरी पाणी मागितलं.

"पहिली बस कितीची?" सासूने विचारलं.

नर्सबाईंनी कागद ओढून लिहायला घेतला.

"लिहू नका. मला वाचता येत नाही. तोंडी सांगा."

नर्सबाईंनी बसची वेळ सांगितली, उतरायचा थांबा सांगितला, कितव्या मजल्यावर कुठल्या खिडकीशी नाव घालायचं ते सांगितलं. सासूने पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. मग ती वळली आणि तेच पुटपुटत, वेळ, थांबा, मजला, खिडकी, रांगेच्या कडेकडेने फाटकाकडे चालायला लागली.